नोकरीपूर्वी सोशल मीडियाची तपासणी : बेळगावातील एका मार्गदर्शन सेवेचे परीक्षण

टिळकवाडीतील एका करिअर मार्गदर्शन केंद्राने नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणांसाठी सोशल मीडिया तपासणीची स्वतंत्र सेवा सुरू केली आहे. उमेदवाराची फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स आणि लिंक्डइनवरील खाती बाहेरच्या माणसाच्या नजरेने तपासायची, नोकरी देणाऱ्याला खटकेल असे काय दिसते ते दाखवायचे आणि ते कसे आवरायचे हे शिकवायचे, असे या सेवेचे स्वरूप आहे. शुल्क १५०० रुपये असून त्यात एक सविस्तर बैठक, लेखी अहवाल आणि नंतरची एक छोटी फेरतपासणी येते. माझी पुतणी अभियांत्रिकीचे शिक्षण संपवून बंगळूर आणि पुण्यातील कंपन्यांकडे अर्ज करत आहे व त्याच वेळी बँकेच्या परीक्षांचाही अभ्यास करत आहे. तिच्याबरोबर मी या बैठकीला पूर्ण वेळ हजर होते. तपासणीचे काम येथे मन लावून केले जाते आणि तेवढ्यासाठी शुल्क वाजवी आहे. मात्र कायद्याची माहिती जुनी आहे, आणि सीमाभागातील मराठी मुलांना दिला जाणारा एक सल्ला मला मुळीच मान्य नाही. केंद्राचे नाव येथे दिलेले नाही, कारण या त्रुटींबद्दल संचालिकांशी माझे बोलणे झाले आहे आणि त्या दूर करण्याची तयारी त्यांनी दाखवली आहे.

तपासणीची सुरुवात केंद्राच्या संगणकावर, कोणत्याही खात्यात लॉगइन न करता होते. मुलाखतीला बोलावण्यापूर्वी कंपनीतला माणूस जे पाहू शकेल तेच आधी पाहायचे, हा त्यामागचा विचार आहे आणि तो अगदी योग्य आहे. मार्गदर्शकांनी पुतणीचे नाव प्रथम रोमन लिपीत टाकले, मग देवनागरीत आणि मग कन्नड लिपीत. त्यानंतर नावासोबत गावाचे आणि महाविद्यालयाचे नाव जोडून पुन्हा शोध घेतला. आपल्या भागात एकाच मुलीची माहिती तीन लिप्यांत विखुरलेली असते. महाविद्यालयाच्या पानावर ती इंग्रजीत असते, गणेशोत्सव मंडळाच्या पानावर मराठीत आणि शाळेच्या जुन्या बक्षीस समारंभाच्या बातमीत कन्नडमध्ये. पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञाला हे सुचले नसते. सीमाभागात राहणाऱ्या माणसानेच ही सेवा उभी केली आहे, हे या एका गोष्टीवरून ध्यानात येते.

शोधात जे सापडले त्यातले बहुतेक निरुपद्रवी होते. दोन गोष्टींपाशी मात्र मार्गदर्शक थांबले. एक होती चुलतभावाने टाकलेल्या आणि पुतणीला टॅग केलेल्या सहलीच्या फोटोखालची काहीशी आचरट ओळ. दुसरी अधिक गंभीर होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये बस वाहकाला झालेल्या मारहाणीच्या प्रकरणावरून कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यामधील बससेवा विस्कळीत झाली होती आणि दोन्ही बाजूंनी समाजमाध्यमांवर आगपाखड चालली होती. त्या दिवसांत एका स्थानिक बातम्यांच्या पानावर पुतणीने रागाच्या भरात एक कॉमेंट लिहिली होती. शिवीगाळ त्यात नव्हती, पण 'ही माणसे' अशा शब्दांनी सुरू होणारे ते वाक्य एका संपूर्ण भाषिक समाजाला उद्देशून होते. 'काकू, हे अजून दिसायलंय?' एवढेच ती म्हणाली. तिचे खाते तर कित्येक महिन्यांपासून खासगी होते.

येथे मार्गदर्शकांनी जे समजावून सांगितले ते प्रत्येक उमेदवाराला ठाऊक असायला हवे. दुसऱ्याच्या पोस्टखाली आपण लिहिलेली कॉमेंट कोणाला दिसणार, हे त्या पोस्टच्या मालकाने ठरवलेले असते. आपल्या खात्याला कितीही कुलपे लावली तरी सार्वजनिक पानावरील आपले वाक्य सार्वजनिकच राहते. फेसबुकच्या 'लिमिट पास्ट पोस्ट्स' या सोयीने आपल्या स्वतःच्या जुन्या सार्वजनिक पोस्ट एका फटक्यात मित्रांपुरत्या मर्यादित करता येतात, परंतु कॉमेंटना आणि दुसऱ्यांनी टॅग केलेल्या फोटोंना तिचा उपयोग नाही. त्यासाठी 'ॲक्टिव्हिटी लॉग' उघडून एकेक कॉमेंट शोधून काढून टाकावी लागते आणि टॅग स्वतः हटवावे लागतात. पुतणीने ती कॉमेंट तिथेच बसून काढली. मार्गदर्शकांनी तिला उपदेश केला नाही, घाबरवले नाही, की झाल्या गोष्टीची लाज वाटायला लावली नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीशी असे वागणे फार महत्त्वाचे असते आणि त्यांनी ते सांभाळले.

साधनांची ओळख करून देण्याचा भाग नेटका आहे. 'मॅनेज ॲक्टिव्हिटी' ही सोय फेसबुकने २०२० साली आणली. तिच्यात वर्ष किंवा व्यक्ती निवडून जुन्या पोस्ट एकगठ्ठा संग्रहात टाकता येतात किंवा कचरापेटीत पाठवता येतात, आणि कचरापेटीतील पोस्ट ३० दिवसांनी कायमच्या पुसल्या जातात. प्रोफाइल लॉक करण्याची सोय भारतात मे २०२० पासून आहे, हेही त्यांनी दाखवले. इन्स्टाग्रामबद्दलची माहिती मला स्वतःला नवीन होती. आपल्याकडील कितीतरी मुले रील्स किती जणांनी पाहिल्या याचे आकडे मिळावेत म्हणून साधे खाते 'प्रोफेशनल' करून घेतात. असे खाते खासगी ठेवता येत नाही, आणि जुलै २०२५ पासून प्रौढ व्यक्तींच्या अशा खात्यांवरील सार्वजनिक फोटो व व्हिडिओ गूगलसारख्या शोधयंत्रांतही दिसू शकतात. ते बंद करण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये आहे, पण तो स्वतः जाऊन शोधावा लागतो. डोंगरावरील धबधब्याखाली मित्रांबरोबर केलेली रील आपल्या नावाच्या शोधात वर येईल, ही कल्पना त्या मुलांना नसते.

व्हॉट्सॲपवर मात्र केंद्राने फारच थोडा वेळ दिला, आणि ही मला मोठी उणीव वाटते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात नोकरीवर परिणाम करणारी सर्वांत जवळची जागा व्हॉट्सॲपचे स्टेटस हीच आहे. उद्यमबागेतील फौंड्रीत किंवा शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या मुलाच्या फोनमध्ये सुपरवायझरचा, ठेकेदाराचा आणि मालकाच्या मुलाचा नंबर असतोच, आणि त्यांच्या फोनमध्ये त्याचाही असतो. त्यामुळे त्याचे स्टेटस त्या सर्वांना दिसते. आजारपणाची रजा घेऊन गावच्या यात्रेचा फोटो टाकणे, पगार उशिरा झाल्यावर मालकाला टोमणा मारणारी ओळ लावणे, हे चोवीस तासांत नाहीसे होणार म्हणून निर्धास्तपणे केले जाते. प्रत्यक्षात कोणीही त्याचा स्क्रीनशॉट घेऊ शकतो आणि स्टेटस लावणाऱ्याला त्याची सूचनाही मिळत नाही. 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' आणि 'ओन्ली शेअर विथ' हे दोन पर्याय कसे वापरायचे, हे पाच मिनिटांत शिकवण्यासारखे आहे आणि ते या बैठकीत असायलाच हवे होते.

कारखान्याच्या आत केलेल्या रील्सचा विषयही असाच राहून गेला. येथील फौंड्र्या आणि मशीन शॉप बाहेरच्या मोठ्या ग्राहकांसाठी कास्टिंग व सुटे भाग बनवतात, हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे भाग तयार होतात, आणि अशा ठिकाणी नेमणूकपत्रात गोपनीयतेची अट असते. नवीन गणवेश, नवीन मशीन आणि त्यामागे आवडते गाणे, अशी रील करणाऱ्या मुलाच्या मनात अभिमानच असतो. पाठीमागच्या रॅकवर ग्राहकाच्या नव्या भागाचा नमुना किंवा भिंतीवर त्याचे ड्रॉइंग दिसत असेल, तर त्या अटीचा भंग होतो, आणि अशा वेळी हेतू चांगला होता हे सांगून भागत नाही. आयटीआय आणि डिप्लोमाची मुले या केंद्राकडे मोठ्या संख्येने यावीत असे संचालिकांना वाटते. मग त्यांच्या कामाच्या जागेचा विचार अहवालात आधी हवा.

केंद्राने दिलेल्या कायद्याविषयीच्या पुस्तिकेबद्दल मला स्पष्टपणे लिहावे लागेल. तिच्यात ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणे हा गुन्हा ठरवणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ चा धाक घातलेला आहे. हे कलम सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. आपल्या महाराष्ट्रातील पालघरच्या दोन मुलींना २०१२ साली एका फेसबुक पोस्टवरून झालेली अटक ही त्या खटल्यामागची एक घटना होती. रद्द झालेल्या कलमाची भीती दाखवून मुलांना गप्प बसवणे चुकीचे आहे, आणि आज लागू असलेला कायदा त्यांना न सांगणे त्याहून अधिक हानिकारक आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ धर्म, वंश, जन्मस्थान, निवास आणि भाषा यांच्या आधारे समाजगटांत वैर पसरवण्याबद्दल आहे, आणि त्यात भाषेचा उल्लेख स्पष्टपणे आहे. सीमाभागातील तरुणाने हे एक कलम तरी समजून घेतलेले असावे. गुन्हा नोंदवला गेला की त्याचा परिणाम पुढे पोलीस पडताळणीच्या वेळी समोर येतो. अशा प्रसंगी माहिती लपवण्याचा मोह होतो, परंतु अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की पडताळणीच्या अर्जात उमेदवाराने खरी माहिती दिली पाहिजे. किरकोळ प्रकरण असल्यास ते विचारात घेऊन सोडून देण्याचा विवेक नोकरी देणाऱ्याकडे असतो. लपवाछपवी उघड झाली तर हातची नोकरी जाऊ शकते.

सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्यांसाठी या सेवेत जवळजवळ काहीच नाही, आणि आपल्या भागात तर घरटी एक मुलगा किंवा मुलगी कसल्या ना कसल्या भरतीचा अभ्यास करत असते. कर्नाटक राज्य नागरी सेवा (वर्तणूक) नियम २०२१ आणि केंद्र सरकारचे १९६४ चे वर्तणूक नियम, दोन्हींमध्ये सरकारच्या धोरणांवर जाहीर टीका करण्यावर आणि राजकीय कार्यात भाग घेण्यावर बंधने आहेत. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा करतो तेथील अनेक जण महाराष्ट्राच्या नोकऱ्यांसाठीही अर्ज करतात; त्यांनी महाराष्ट्र शासनाचा जुलै २०२५ चा शासन निर्णय वाचलेला असावा. त्यात वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवण्यास, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका न करण्यास आणि वैयक्तिक खात्यावरील फोटो-रील्समध्ये शासकीय बोधचिन्ह, गणवेश, वाहन व इमारत यांचा वापर टाळण्यास सांगितले आहे. लष्कराची गोष्ट आणखी कडक आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या गावातच असल्याने पहाटे धावणारी मुले आपण रोज पाहतो. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजनेविरुद्ध देशभर आंदोलने झाली, तेव्हा आंदोलनात व जाळपोळीत सहभाग नव्हता असे लेखी वचन उमेदवाराला द्यावे लागेल आणि पोलीस पडताळणीशिवाय भरती होणार नाही, असे लष्कराने जाहीर केले होते. त्याआधी २०२० साली फेसबुक आणि इन्स्टाग्रामसह ८९ ॲप फोनमधून काढून टाकण्याचा आदेश जवानांना व अधिकाऱ्यांना दिला गेला होता. भरतीच्या स्वप्नात असलेल्या मुलाला हे आधीच सांगणारे कोणीतरी हवे.

त्याच वेळी त्याला हेही सांगितले पाहिजे की सरकारी नोकर झाल्याने नागरिकत्व संपत नाही. जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने निवृत्तीच्या तोंडावर कारवाई झालेल्या एका महिला कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. राजकीय सभेला हजर राहणे आणि फेसबुकवर पोस्ट लिहिणे, हे तिच्यावरचे आरोप होते. सेवानियमांच्या मर्यादेत राहून मत बाळगण्याचा आणि मांडण्याचा हक्क सरकारी कर्मचाऱ्यालाही आहे, असे न्यायालयाने त्यात म्हटले आहे. बंधने कोणती आणि हक्क कोणता, हे दोन्ही समोर ठेवले तरच मुलगा विचार करून लिहायला शिकेल. नुसत्या बंधनांची यादी दिली तर तो टोपणनावाने बनावट खाते उघडेल, आणि त्यातून अधिक मोठे संकट ओढवेल.

आता ज्या सल्ल्यामुळे मी हे परीक्षण लिहायला घेतले त्याबद्दल. अहवालाच्या शेवटी 'काढून टाकावयाच्या पोस्ट' असा एक तक्ता आहे. पुतणीच्या तक्त्यात ती कडवट कॉमेंट होती, ती सहलीची ओळ होती, आणि त्यांच्याच शेजारी कडोलीच्या मराठी साहित्य संमेलनात कविता वाचतानाचा तिचा फोटो होता, शिवजयंतीच्या मिरवणुकीत फेटा बांधलेला फोटो होता, आणि मराठी शाळा टिकल्या पाहिजेत असे सांगणारी तिची एक शांत, मुद्देसूद पोस्ट होती. कारणाच्या रकान्यात 'भाषिक ओळख – टाळावी' असे लिहिले होते. बंगळूरच्या कंपनीत निवड करणारा माणूस कोण असेल, कोणत्या मताचा असेल, ते सांगता येत नाही, म्हणून कोणतीही खूण मागे ठेवू नये, असे मार्गदर्शकांचे म्हणणे होते. त्यांच्या मनात काळजीच होती, याबद्दल मला शंका नाही.

तरीही हा सल्ला चुकीचा आहे. दुसऱ्या भाषेच्या माणसांचा द्वेष करणारे वाक्य आणि आपल्या भाषेतली कविता या दोन गोष्टी एका रांगेत बसवता येत नाहीत. पहिले वाक्य काढून टाकायला मी पुतणीला स्वतः सांगितले असते, कंपनीचा प्रश्न नसता तरीही. कविता मात्र तिच्या आजीपासून चालत आलेली घरातली गोष्ट आहे. आपली भाषा आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क संविधानाच्या २९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक समाजगटाला दिलेला आहे. तो बजावल्याबद्दल एखाद्या मुलीने आपल्याच भिंतीवरून स्वतःला पुसून टाकावे, असे तिला पैसे घेऊन शिकवणे योग्य नाही. व्यवहाराच्या दृष्टीनेही हा सल्ला टिकत नाही. मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत ग्राहकाशी बोलू शकणारी मुले बँकांना, विमा कंपन्यांना आणि विक्री विभागांना हवी असतात, आणि ही गोष्ट सीमाभागातील मुलांकडे जन्मापासून असते. केंद्राने तिला उलट असे सुचवायला हवे होते की कविता वाचतानाचा फोटो राहू दे, आणि महाविद्यालयात कन्नडमधून केलेल्या सूत्रसंचालनाचा जो व्हिडिओ तू कुठेच टाकलेला नाहीस, तो लिंक्डइनवर टाक. असे एकही वाक्य अहवालात नव्हते.

एक नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिन आणि सीमाभागातील मराठी भाषकांचा काळा दिवस, या दिवशीच्या पोस्टबद्दलही असाच सरसकट इशारा आहे. तो दिवस इकडे किती संवेदनशील असतो हे आपल्यापैकी कोणालाही सांगावे लागत नाही, आणि त्या दिवशी काय लिहायचे याचा निर्णय ज्याने त्याने घ्यायचा आहे. मार्गदर्शकाचे काम परिणाम समजावून सांगण्याचे आहे: सरकारी सेवेत असाल तर कोणता नियम लागू होतो, खासगी कंपनीच्या नेमणूकपत्रात कोणती अट असू शकते, एखादी पोस्ट पुढे पाठवल्याने तुमच्यावर काय जबाबदारी येते. त्यापुढचा निर्णय त्या तरुणाचा. परिणाम माहीत असताना एखादा मुलगा आपले मत सभ्य शब्दांत आणि स्वतःच्या नावाने मांडत असेल, तर त्याला मी अडवणार नाही.

केंद्राने पासवर्ड मागितला नाही आणि फोन कायम पुतणीच्याच हातात राहिला, हे आवर्जून नोंदवते. ही सेवा देणाऱ्या कोणाकडूनही एवढी अपेक्षा धरलीच पाहिजे. अहवालासाठी घेतलेले स्क्रीनशॉट त्यांच्या संगणकात किती दिवस राहतात, याचे उत्तर मात्र आम्ही विचारल्यावरच मिळाले. ते लेखी नियमात हवे. व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लागू होत नाही, म्हणजे कंपनीने आपली जाहीर पोस्ट वाचली तर त्या कायद्याखाली तक्रारीला जागा नाही. ही बाब बैठकीत सांगितली गेली असती तर खाते आवरण्याचे महत्त्व मुलांना लगेच पटले असते.

कंपनीच्या नोकरीसाठी पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याने ही तपासणी करून घ्यावी, असे मी सुचवेन. भरतीची तयारी करणाऱ्याने पुस्तिका सुधारून येईपर्यंत थांबावे आणि तोवर आपल्या विभागाचे वर्तणूक नियम स्वतः वाचावेत. अहवालातील 'काढून टाकावयाच्या पोस्ट' हा तक्ता घरी आणून वडीलधाऱ्यांबरोबर बसून वाचावा आणि प्रत्येक ओळीसमोर आपले स्वतःचे कारण लिहून मगच काय काढायचे ते ठरवावे. बैठकीला जाताना शाळेपासून वापरलेल्या सगळ्या जुन्या मोबाइल नंबरांची आणि ईमेलची यादी बरोबर न्यावी. आठवी-नववीत दुसऱ्याच्या सिमवर उघडून विसरलेली खाती अजूनही आपल्या नावाने उघडी असतात, आणि ती बंद करायची तर त्याच नंबरावर येणारा ओटीपी लागू शकतो.